मॅगझीन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असे नाही

प्रश्न : माझ्या यजमानांचा पेट्रोल पंप आहे. रात्रीची रोकड घेऊन त्यांना एकट्याने घरी यावे लागते, म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यांनी रीतसर परवाना काढून .३२ बोअरचे पिस्तूल घेतले. घरी आल्यावर ते आमच्या झोपण्याच्या खोलीतच पिस्तूल रिकामे करतात. दीड महिन्यापूर्वी रात्री अकराच्या सुमारास असेच रिकामे करताना गोळी सुटली. ती कपाटाच्या दारातून आरपार जाऊन भिंतीत रुतली, आणि त्या भिंतीपलीकडे सासूबाई झोपल्या होत्या. मी पलंगावर बसून सारे पाहत होते. त्यांनी वरचा भाग मागे ओढला, एक काडतूस बाहेर पडले, मग त्यांनी मॅगझीन काढले आणि नेहमीप्रमाणे चाप दाबला. मॅगझीन काढलेले असताना गोळी सुटली, म्हणजे दोष पिस्तुलाचाच आहे, असे ते म्हणतात. तेव्हापासून माझा बारा वर्षांचा मुलगा रोज रात्री विचारतो, “बाबा, रिकामे केले ना?” घरात सासऱ्यांचे जुने रिव्हॉल्व्हरही आहे. सासऱ्यांचे वय ७४ आहे आणि ते शस्त्र भरलेले आहे की नाही, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. मी काय करावे?

उत्तर : ताई, तुम्ही पाहिलेले इतक्या नेमक्या क्रमाने लिहिलेत, म्हणून मला ठामपणे उत्तर देता येते. तुमच्या वर्णनाप्रमाणे पिस्तुलाने तेच केले, जे करण्यासाठी ते बनवलेले आहे. चूक क्रमाची झाली. मी सैन्यात अनेक वर्षे शस्त्र प्रशिक्षक होतो. रिकामे समजलेल्या शस्त्रातून सुटलेल्या ज्या गोळ्यांची चौकशी माझ्यासमोर झाली, त्यांत हाच क्रम चुकलेला मला वारंवार दिसला. हे उत्तर तुमच्या नावे असले, तरी ते यजमानांनी तुमच्या शेजारी बसून वाचावे, अशी माझी विनंती आहे.

पिस्तुलात काडतुसे दोन ठिकाणी असू शकतात, हे आधी समजून घ्यावे लागेल. एक जागा म्हणजे मुठीत बसणारे मॅगझीन, म्हणजे काडतुसांची डबी. दुसरी म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची पोकळी, जिला चेंबर म्हणतात. तुम्ही ज्याला वरचा भाग म्हणता ती स्लाइड. ती मागे ओढली की चेंबरमधले काडतूस बाहेर फेकले जाते, आणि ती पुढे जाताना मॅगझीनमधले सर्वांत वरचे काडतूस ढकलून चेंबरमध्ये नेऊन बसवते. म्हणजे मॅगझीन जागेवर असताना स्लाइड ओढली, तर चेंबर रिकामे होते आणि त्याच हालचालीत पुन्हा भरतेही. तुमच्या यजमानांनी एक काडतूस बाहेर पडताना पाहिले, त्यामुळे चेंबर रिकामे झाले याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नाही. पण त्याच क्षणी दुसरे काडतूस आत जाऊन बसले होते. नंतर मॅगझीन काढल्याने त्या काडतुसाला काहीही फरक पडला नाही. मॅगझीन नसताना चाप चालूच नये अशी सोय काही पिस्तुलांत असते, परंतु पुष्कळ पिस्तुलांत ती नसते, आणि तिच्या भरवशावर कोणी राहूही नये.

मग गेली तीन वर्षे हे घडले कसे नाही, असा प्रश्न यजमानांच्या मनात येईल. बहुतेक रात्री त्यांनी मॅगझीन आधी काढले असणार. त्या एका रात्री ते थकलेले असतील, मनात हिशेब घोळत असेल, फोन वाजला असेल, आणि हातांनी क्रम उलटा केला. हातांच्या सवयीवर सोपवलेले काम केव्हा उलटे होईल, ते हातांना कळत नाही. म्हणून क्रम पाठ असणे पुरेसे नाही. तो चुकला तरी कोणाला इजा होणार नाही, अशी व्यवस्था त्याच्याभोवती असावी लागते.

त्या व्यवस्थेतली पहिली गोष्ट म्हणजे नळीचे तोंड कोठे आहे, ही. शस्त्र हातात असेपर्यंत, ते भरलेले असो वा नसो, नळी अशाच दिशेला असावी की गोळी सुटली तर फक्त वस्तूचे नुकसान व्हावे. दुसरी गोष्ट बोटाची. तर्जनी चापाच्या कड्याबाहेर, चौकटीला लागून सरळ ठेवलेली असावी आणि ती आत केव्हा जाईल, हे आपण जाणीवपूर्वक ठरवलेले असावे. या दोन गोष्टी पाळल्या, तर तिसरी चूक झाली तरी माणूस वाचतो. त्या रात्री तुमच्या घरी बोट चापावर होते आणि नळी सासूबाईंच्या भिंतीकडे होती. .३२ पिस्तुलाची गोळी जेमतेम साडेचार ग्रॅम वजनाची असते, पण ती सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या आसपास वेगाने सुटते. प्लायवूडचे दार तिला अडवू शकत नाही, हे तुम्ही पाहिलेच आहे. भिंतीने तिला थोपवले हे सुदैव; त्या जागी खिडकी किंवा दार असते, तर काय झाले असते, हे मी येथे लिहीत नाही.

शहरातल्या किंवा गावातल्या भरवस्तीतल्या घरात सुरक्षित दिशा शोधणे खरोखर अवघड असते. जमिनीकडे नळी करावी, असे सांगितले जाते, पण आपल्या घरांत फरशी असते, ग्रॅनाइट असते, आणि कठीण पृष्ठभागावरून गोळी उसळून कोठेही जाऊ शकते. वरच्या मजल्यावर तर खाली कोणी राहत असते. छताकडे नळी धरणे तितकेच वाईट. यावरचा उपाय जुना, स्वस्त आणि खात्रीचा आहे. एक मोठी, खोल बादली किंवा पिंप घ्यावे, त्यात निदान दीड फूट खोलीपर्यंत कोरडी, चाळलेली वाळू भरावी, आणि ती तळमजल्यावर, शक्यतो थेट जमिनीवर, घरातली वर्दळ नसलेल्या कोपऱ्यात कायमची ठेवावी. पिस्तूल रिकामे करायचे ते नळी त्या वाळूकडे रोखूनच, वाळूच्या अगदी जवळ धरून. नळीचे तोंड मात्र वाळूत खुपसू नये, कारण नळीत वाळू गेली तर नवाच धोका निर्माण होतो. वाळूत खडे नसावेत आणि पावसाळ्यात ती ओली होऊन दगडासारखी बसणार नाही, हे पाहावे.

या वाळूवर माझा विश्वास का आहे, ते सांगतो. आमच्या पलटणीत रात्रपाळीचा पहारा संपल्यावर कोतात, म्हणजे शस्त्रागारात, शस्त्र जमा करण्यापूर्वी वाळूच्या खड्ड्याकडे नळी करून ते तपासण्याची शिस्त होती. एका पहाटे, माझ्या डोळ्यांदेखत, एका जवानाने अगदी तुमच्या यजमानांसारखाच क्रम चुकवला. मोठा आवाज झाला, वाळू उडाली, आणि आम्ही सगळे जागच्या जागी गोठून उभे राहिलो. कोणालाही ओरखडासुद्धा आला नाही. तो जवान प्रामाणिक होता, हुशार होता, आणि त्याला शस्त्र रिकामे करायला मीच शिकवले होते. शिकवलेले त्या पहाटे उपयोगी पडले नाही. खड्डा उपयोगी पडला.

आता क्रम. घरी आल्यावर, जेवणापूर्वी, कपडे बदलण्यापूर्वी, सर्वांत आधी हे काम करावे आणि तेव्हा त्या जागी दुसरे कोणीही नसावे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. दिवा पुरेसा असावा. नळी वाळूकडे, बोट चापाबाहेर. मग मॅगझीनचा खटका दाबून मॅगझीन पूर्ण बाहेर काढावे. हा खटका काही पिस्तुलांत मुठीच्या बाजूला, तर काहींत मुठीच्या तळाशी असतो. काढलेले मॅगझीन हातात धरून न ठेवता खिशात घालावे किंवा दूर ठेवावे. त्यानंतरच स्लाइड जोराने, पूर्ण मागे ओढावी. सेफ्टी, म्हणजे गोळी सुटू न देणारी कळ, लावलेली असताना काही पिस्तुलांची स्लाइड हलतच नाही, त्यामुळे या वेळी सेफ्टी काढावी लागते, आणि नेमक्या त्याच कारणाने या वेळी बोट आणि नळी यांची सर्वाधिक काळजी घ्यावी लागते. चेंबरमधले काडतूस बाहेर पडेल, ते खाली पडू द्यावे. काहींना ते तळहातात झेलण्याची हौस असते आणि त्यासाठी ते काडतूस बाहेर पडण्याच्या खिडकीवर हात ठेवतात. ही सवय घातक आहे. हाताला अडकलेले काडतूस मागे फिरून त्याची टोपी, म्हणजे आघाताने पेट घेणारा मागचा भाग, आतल्या धातूच्या टोकावर आपटली, तर ते हातातच फुटू शकते.

स्लाइड आणखी दोनतीन वेळा ओढून मग ती मागे अडकवून ठेवावी. मॅगझीन नसले की ती आपोआप अडकत नाही. खटक्याने किंवा हाताने अडकवावी लागते, आणि ज्या पिस्तुलात तशी सोय नाही, तेथे हाताने मागे धरूनच आत पाहावे. येथे पुष्कळ जण थांबतात, आणि खरे काम येथेच सुरू होते. काडतूस बाहेर खेचणारी लहानशी आकडी झिजली किंवा तुटली असेल, तर स्लाइड दहा वेळा ओढली तरी चेंबरमधले काडतूस जागचे हलत नाही. म्हणून चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहावे, करंगळीचे टोक घालून चाचपावे, मॅगझीनची रिकामी जागाही पाहावी. मग नजर क्षणभर दुसरीकडे वळवून पुन्हा एकदा पाहावे. हा दुसऱ्यांदा पाहण्याचा प्रकार अनेकांना अतिरेकी वाटतो, पण पहिल्यांदा पाहताना माणूस पुष्कळदा जे दिसायला हवे तेच पाहतो. एनसीसीच्या छावणीत गेलेल्यांना ‘जाँच शस्त्र’ हा हुकूम आठवत असेल. प्रत्येक जण आपले शस्त्र उघडे करून दाखवतो आणि तपासणारा स्वतः आत डोकावून पाहतो. ‘रिकामे आहे’ हे तोंडी सांगणे तेथे कोणी ऐकून घेत नाही.

शेवटी मोजदाद करावी. सकाळी किती काडतुसे घेऊन निघालो, मॅगझीनमध्ये आता किती आहेत, जमिनीवर किती पडली, यांचा मेळ बसला पाहिजे. रोकड मोजणाऱ्या माणसाला हे शिकवावे लागू नये. त्या रात्री ही मोजणी चाप दाबण्याआधी झाली असती, तर मॅगझीनमध्ये अपेक्षेपेक्षा एक काडतूस कमी आहे, हे लगेच कळले असते.

आणि चाप का दाबायचा? स्प्रिंगवरचा ताण कमी व्हावा म्हणून, असे उत्तर मिळते. काही पिस्तुलांत आतील यंत्रणा सैल करण्यासाठी चाप दाबावा लागतो, हे खरे आहे. परंतु वर सांगितलेली तपासणी पूर्ण झाल्यावर, नळी वाळूकडेच असताना, आणि त्या पिस्तुलाच्या माहितीपुस्तिकेत तसे सांगितले असेल तरच. तसे सांगितलेले नसेल, तर यजमानांनी ही सवय आजपासून सोडावी.

याहून मूळचा एक प्रश्न मी त्यांना विचारू इच्छितो. रोज चेंबर भरूनच गाडीत बसण्याची गरज आहे का? ज्याने सातत्याने प्रशिक्षण घेतलेले नाही आणि जो वर्षातून एकदाही मैदानावर जाऊन गोळी चालवत नाही, त्याच्यासाठी भरलेल्या चेंबरचा धोका त्याच्या फायद्यापेक्षा मोठा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. चेंबर रिकामे ठेवले, तर रोज रात्रीची ही कसरत निम्मी सोपी होते, मात्र तपासणी टळत नाही. शिवाय तेच ते काडतूस रोज चेंबरमध्ये घालून बाहेर काढत राहिले, तर त्याची गोळी हळूहळू पुंगळीत आत दबते, आणि असे काडतूस चालवल्यास आतला दाब प्रमाणाबाहेर वाढू शकतो. यजमानांनी मॅगझीनमधले वरचे काडतूस नव्या काडतुसाशेजारी उभे धरून उंची ताडून पाहावी. ते आखूड झालेले दिसले, तर ते वापरू नये. अशी काडतुसे, तशीच जुनी आणि ओलसर झालेलीही, कचऱ्यात न टाकता परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात नोंद करून जमा करावीत.

सासऱ्यांच्या रिव्हॉल्व्हरबद्दल मला अधिक काळजी वाटते. तुम्ही मॉडेल लिहिलेले नाही. आपल्याकडे परवान्यावर मिळणारी कानपूरच्या आयुध कारखान्याची .३२ रिव्हॉल्व्हरे बहुतेक मधोमध मोडणारी असतात, म्हणजे खटका दाबला की नळी पुढे झुकते आणि सहा घरांचे चक्र उघडे पडते. परदेशी बनावटीच्या अनेक रिव्हॉल्व्हरांत चक्र डाव्या बाजूला बाहेर येते. दोन्हींत सगळी घरे एका दृष्टिक्षेपात दिसतात, त्यामुळे रिव्हॉल्व्हर तपासायला पिस्तुलापेक्षा सोपे असते. पण त्याचेही धोके आहेत. काडतूस बाहेर ढकलणाऱ्या चांदणीच्या खाली एखादे काडतूस घसरून अडकते. बराच काळ पडून राहिलेल्या काडतुसांवर हिरवट गंज चढून ती घरात चिकटून बसतात, आणि चार बाहेर आली की सगळी आली असे वाटते. शिवाय जुन्या बनावटीच्या काही रिव्हॉल्व्हरांत घोड्याचे, म्हणजे चाप दाबल्यावर काडतुसावर आपटणाऱ्या मागच्या भागाचे, टोक थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेले असते. असे शस्त्र हातातून पडून घोड्यावर आपटले, तर चाप न दाबताही गोळी सुटू शकते. म्हणूनच जुने जाणते लोक घोड्याखालचे घर रिकामे ठेवून पाचच काडतुसे भरत. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून घरीच सुटलेली गोळी त्यांच्या पायात शिरली, ही बातमी तुम्ही वाचली असेल. घरात पडून असलेले शस्त्र हे थंड झालेले शस्त्र नव्हे.

हे रिव्हॉल्व्हर तुम्ही उघडून पाहू नका. तुमच्या नावे परवाना नाही, आणि हे शस्त्र तुमच्या ओळखीचे नाही. दोन्ही कारणे तितकीच महत्त्वाची आहेत. यजमानांनीही, त्यांना पिस्तुलाची माहिती आहे म्हणून रिव्हॉल्व्हर येतेच, असे समजू नये. ते आहे त्या जागी कुलपात राहू द्यावे आणि सासऱ्यांनी स्वतः पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे कळवून जाणकार माणसाकडून ते रिकामे व तपासून घ्यावे. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा त्याने शस्त्र २५ वर्षे बाळगले, तर त्याच्या वारसाला त्या शस्त्रासाठी परवान्याचा अर्ज करता येतो. वारसांपैकी कोणाला ते नको असेल, तर विक्रेत्याला विकण्याचा किंवा जमा करण्याचा मार्ग आहे. सासरे हयात असताना हे करणे सोपे जाते. परवानाधारकाच्या निधनानंतर कोणाच्याही नावे परवाना नसलेले शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते, आणि दुखवट्याच्या दिवसांत कपाटातल्या या वस्तूची आठवण कोणाला राहत नाही.

यजमान घरी नसताना पिस्तूल उघड्यावर दिसले, तर त्याला हात न लावता खोलीचे दार बाहेरून बंद करा, मुलांना दूर ठेवा आणि त्यांना बोलावून घ्या. मात्र ही वेळ येणे हीच त्यांची चूक समजावी. घरात शस्त्र आणि काडतुसे दोन वेगळ्या कुलपांत असावीत, लोखंडी पेटी भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्की केलेली असावी आणि किल्ली त्यांच्याच जवळ असावी. कपड्यांच्या कपाटातला खण ही शस्त्र ठेवण्याची जागा नाही. मुलांपासून लपवलेली वस्तू मुलांना ठाऊक असते. निवडणुकीच्या आचारसंहितेत पिस्तूल जमा करण्याचा आदेश आला, तर ते घरीच वाळूपुढे रिकामे करून, काडतुसे वेगळ्या पिशवीत घेऊन न्यावे, तेथे स्लाइड उघडी करून दाखवावी आणि पावती घ्यावी. परत मिळाल्यावर ते जणू भरलेलेच आहे असे समजून पुन्हा सगळी तपासणी करावी. ठाण्यातल्या माणसांवर अविश्वास म्हणून हे करायचे नाही; मधल्या काळात ते किती हातांतून गेले, हे आपण पाहिलेले नसते, एवढेच त्याचे कारण आहे.

त्या रात्रीच्या घटनेबद्दल यजमानांनी पोलिसांना कळवले की नाही, हे पत्रात नाही. कळवले नसेल, तर वकिलाशी बोलून लेखी कळवावे. एक काडतूस कमी झालेले आहे आणि भिंतीत गोळी आहे. त्याचा हिशेब पुढे कधीतरी द्यावाच लागेल, आणि तो आज स्वतःहून देणे चांगले. ती गोळी स्वतः कोरून काढू नका. पिस्तूलही शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडून एकदा तपासून घ्यावे. मी क्रमाला दोष दिला असला, तरी झिजलेली आकडी किंवा बिघडलेली सेफ्टी यांची शंका हात लावून पाहिल्याशिवाय दूर होत नाही. तपासणी होईपर्यंत त्यांनी ते वापरू नये. रोकड नेण्यासाठी तोपर्यंत पंपावरच्या एखाद्या विश्वासू माणसाला सोबत घ्यावे, किंवा बँकेची रोकड उचलण्याची सोय मिळते का, ते विचारावे. ती सोय मिळाली, तर पिस्तुलाची गरज किती उरते, याचाही विचार तुम्ही दोघांनी करावा.

तुमच्या मुलाच्या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर देऊ नका. त्या रात्री नेमकी कोणती चूक झाली, मॅगझीन आधी काढायचे राहिले आणि आत न पाहता चाप दाबला गेला, हे वडिलांनी स्वतः त्याला सांगावे. शस्त्र कोठेही दिसले तरी हात लावायचा नाही, तेथून निघून जायचे आणि मोठ्यांना सांगायचे, हेही त्याच वेळी सांगावे. मित्राच्या घरीही हेच करायचे, हे विसरू नये. वाळूची बादली कोठे ठेवली आहे, ती कशासाठी आहे आणि बाबा तिच्याजवळ असताना तिकडे का जायचे नाही, हे त्याला दाखवावे. तो पुन्हा विचारील, कदाचित बरेच दिवस विचारत राहील. त्याला विचारू द्यावे, आणि दर वेळी उत्तर देण्यापूर्वी वडिलांनी चेंबर पाहिलेले असावे.